पैसा कसणाऱ्याला की कागदाला? आयोवातली काउंटी आणि आपलं मंडळ

कणसातला दाणा (धागाकर्ता)

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. अकरा वर्षं झाली, आयोवात बियाण्यांच्या धंद्यात आहे. या राज्यात ९९ काउंट्या (आपल्या जिल्ह्यासारखे भाग), त्यातल्या एका आडबाजूच्या काउंटीत आमचं बिऱ्हाड. नाव मुद्दाम देत नाही, वस्ती इतकी विरळ आहे की कोणाबद्दल लिहितोय ते गावाला लगेच कळेल. इथं मका नि सोयाबीन, तिकडं गावाकडंही सोयाबीन. शिकागोच्या धान्यबाजारात भाव पडला की इथल्या शेजाऱ्याचं तोंड उतरतं आणि चार दिवसांनी मोंढ्यात आमच्या दादाचं.

२०२५च्या पावसाळ्याअखेर दोघांवर एकदमच वेळ आली. दादाचं काढणीला आलेलं सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात गेलं. शेजाऱ्याचं पीक छान, पण चीननं खरेदी थांबवलेली. वर ऑक्टोबरात पडायचं सरकारी अनुदान अडकलेलं, कारण वॉशिंग्टनमध्ये खर्चाची मंजुरी लटकली आणि १ ऑक्टोबरपासून सरकारच बंद. काउंटीतल्या शेती खात्याच्या ऑफिसला, म्हणजे फार्म सर्व्हिस एजन्सीला, टाळं. २३ तारखेपासून देशभरातली ही ऑफिसं दोन-दोन माणसांवर उघडली, तेव्हा शेजारी म्हणाला, येतोस का? गेलो.

बैठी इमारत, बाहेर चिखलानं माखलेल्या पाच गाड्या. आत काउंटरवर पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी. बाईंनी नाव न विचारताच त्याचे कागद काढले. शेताचा वरून घेतलेला फोटो, बांध रेघांनी आखलेले, प्रत्येक तुकड्याला नंबर आणि एकर दशांशापर्यंत. सोबत एक कागद होता, त्याला हे लोक नुसतं '१५६' म्हणतात. मालक कोण, कसणारा कोण, 'बेस एकर' किती, एकरी पिकाचा उतारा किती. म्हटलं, अरे, हा तर सातबारा!

शेजारी बासष्ट वर्षांचा, अकराशे एकर करतो. दचकू नका, स्वतःची १६० एकरच. बाकी सगळी ठोक्यानं, म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम मालकाला देऊन. मालकांत अ‍ॅरिझोनात राहणाऱ्या एक निवृत्त बाई आहेत, डे मॉइनच्या दोघी बहिणी आहेत, आणखी कोण कोण. इथल्या ठोक्याचं साल १ मार्चला संपतं आणि जमीन काढून घ्यायची असेल तर मालकानं आधीच्या १ सप्टेंबरपर्यंत नोटीस द्यावी लागते. आपल्याकडं सालगड्याचं साल पाडव्याला फिरतं, तसं.

आता गंमत ऐका. 'बेस एकर' म्हणजे या वर्षी पेरलेले एकर नव्हेत. फार पूर्वीच्या पेऱ्यावरून जमिनीला चिकटलेला आकडा. २००२ आणि २०१४ च्या कायद्यांत तो पुन्हा मांडायची संधी मिळाली, नाहीतर जमीन विकली तरी जमिनीबरोबर जातो. सरकार एक आधारभाव ठरवतं. २०२५ च्या कायद्यानं मक्याचा ३.७० डॉलरवरून ४.१० केला, सोयाबीनचा ८.४० वरून १० डॉलर, बुशेलला (इथलं धान्याचं माप). वर्षभराचा सरासरी बाजारभाव त्याखाली गेला की फरक मिळतो, तोही बेस एकराच्या ८५ टक्क्यांवर. समजा शंभर बेस एकर मका, ठरलेला एकरी उतारा १५० बुशेल, फरक २० सेंट. म्हणजे २,५५० डॉलर. आणि हे मिळायला त्या वर्षी तिथं मका असायलाच हवा असं नाही!

मी बाईंना तीनदा विचारलं, माझं इंग्रजी चुकतंय का म्हणून. त्या हसल्या, म्हणाल्या, नाही, तुम्हाला बरोबर कळलंय.

तर माझा प्रश्न. तुमच्याकडं जे पडतं ते, पीएम किसान असो, अतिवृष्टी असो, विमा असो, ते नेमकं कोणाच्या हातात पडतं? ज्याच्या पायाला चिखल आहे त्याच्या, की ज्याचं नाव कागदावर आहे त्याच्या?

बांधकोरी

अकराशे एकरवाल्याला अनुदान! आमच्याकडं पाच एकरवाल्याला दोन हजाराचा हप्ता पडला तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'फुकटे' म्हणतात. दाणेसाहेब, काही कमाल मर्यादा आहे की नाही? की वाढतच जातं?

कणसातला दाणा

आहे. माणशी वर्षाला १,२५,००० डॉलर होती, २०२५ च्या कायद्यानं १,५५,००० केली. नवराबायको दोघं शेतीत असतील तर दुप्पट. सरासरी उत्पन्न ९ लाख डॉलरच्या वर असेल तर साधारणपणे मिळत नाही. पण पळवाट ऐका. भागीदारीतल्या शेतीला प्रत्येक 'सक्रिय' भागीदारामागं वेगळी मर्यादा, आणि कुटुंबातल्या माणसाला सक्रिय ठरवणं सोपं. २०१८ च्या कायद्यानं त्या कुटुंबात चुलत-मावस-आते-मामे भावंडं, पुतणे, भाचेसुद्धा घातले.

बांधकोरी

म्हणजे खातेफोड! 😄

तलाठी नव्हे

खातेफोडच. १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला तेव्हा आमच्या भागात बैलाच्या नावावर तेवढी जमीन करायची राहिली होती. पाळण्यातलं पोरगं, परांगदा मेहुणा, सगळे खातेदार झाले. कागद कसा वाकवायचा हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही, अमेरिकेचा असो की पाथरीचा.

दाणेंच्या प्रश्नाला सरळ उत्तर: कागदाला. मी महसुलात एकोणतीस वर्षं काढली, हल्लीच सुटलो. जुन्या गाव नमुना बारामध्ये 'जमीन करणाऱ्याचे नाव' असा रकाना होता. कसणारा स्वतंत्र लिहायची सोय कागदात होती. भरायचं काय? 'खुद्द'. गावच्या गाव खुद्द. मालक मुंबईत गिरणीत, तरी खुद्द. कारण दुसऱ्याचं नाव लिहिलं की कूळ लागेल ही धास्ती. १९४८ चा कूळ कायदा, त्यात १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, त्या दिवशी कसणारा मालक मानला गेला. मराठवाड्याचा हैदराबादचा कायदा वेगळा, १९५० चा, पण भीती तीच. ज्यांच्या आज्याची जमीन गेली त्यांचे नातू अजून बटईचा, म्हणजे जमीन वाट्यानं करायला दिल्याचा, कागद करत नाहीत. कूळ कायद्यानं लाखोंना जमीन दिली, ते मोठंच काम झालं. पण नंतरच्या बटईदाराला त्यानं कागदावरून पुसून टाकलं, हेही तितकंच खरं.

शंकासुर

एक मूलभूत शंका. अमेरिकेत निदान यंत्रणा चोख असेल. फोटो, नंबर, दशांशापर्यंत एकर. आपल्याकडं बोगस विमा, मयतांच्या नावावर हप्ते, दुसऱ्याच्या गायरानावर पीकविमा. तुलनाच कशाला? आणि मुळात हे अनुदान प्रकरण दोन्हीकडं बंद करावं असं माझं मत. १९३३ मध्ये रूझवेल्टनं मंदीत तात्पुरतं म्हणून सुरू केलं, ते नव्वद वर्षं चालू.

कणसातला दाणा

शंकासुर, मयतांचं म्हणाल तर २००७ मध्ये त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षण संस्थेनं, गाओनं, अहवाल दिला होता: १९९९ ते २००५ या काळात १.१ अब्ज डॉलर शेती अनुदान मेलेल्या माणसांच्या नावावर गेलं. पावणेदोन लाखांच्या आसपास मयत. काही वारसांचं वारसाहक्कानं बरोबरही असेल, पण तपासलंच नव्हतं. त्याआधीच्या वर्षी वॉशिंग्टन पोस्टनं छापलं होतं की भाताच्या जुन्या जमिनीवर टेक्सासात बंगले झाले आणि बंगलेवाल्यांना अंगणातल्या गवतावर भाताचं अनुदान. तो बेस एकराचाच महिमा. पेरा न बघता दरवर्षी ठरावीक पैसे द्यायची ती पद्धत २०१४ ला बंद झाली, पण बेस एकर राहिले.

१९३३ चं म्हणाल तर त्या कायद्याचा पहिला अवतार सुप्रीम कोर्टानं १९३६ मध्ये रद्द केला होता. १९३८ ला दुसरा आला. तात्पुरत्या गोष्टीच जास्त टिकतात, आमच्या वाड्याचा पत्रा बघा.

सेतूवाली

मयताचं सोडा, जिवंत माणूस मयत दाखवलाय त्याचं काय करायचं ते सांगा. परवा एक आजोबा आले, काठी टेकीत. हप्ता बंद. बघितलं तर यादीत मयत. मी म्हटलं, बाबा, तुम्ही तर वारलात. ते म्हणाले, मग चहा तरी पाज दहाव्याचा.

माझं सेवा केंद्र आहे तालुक्याच्या गावी. हप्ता का अडकला हे विचारायला रोज वीस जण येतात, म्हणून इथं एकदाच लिहून ठेवते. केवायसी झालेली नाही, हे पहिलं कारण. म्हातारीच्या अंगठ्याचे ठसे झिजलेले, थंब लागतच नाही. मग चेहऱ्यानं केवायसी करायची, त्याला उजेड पाहिजे, मी त्यांना दारात उभं करते. दुसरं, आधार एका बँकेला जोडलेलं आणि पासबुक दुसरीचं, पैसे भलत्याच खात्यात पडतात आणि माणूस वर्षभर शिव्या सरकारला घालतो. तिसरं, जमिनीची नोंद जोडलेली नाही, तिथं 'लँड सीडिंग नो' दिसतं. आता त्यात फार्मर आयडीची, म्हणजे शेतकऱ्याच्या ओळख क्रमांकाची, भर.

अतिवृष्टीचं वेगळं. यादी लागते, त्यात विशिष्ट क्रमांक असतो, तो घेऊन केवायसी करायची. ज्यांचा फार्मर आयडी झालाय त्यांना २०२५ ला हे लागलं नाही, थेट पडले. सामाईक खात्यात सगळ्या भावांची संमती लागते आणि एक भाऊ हटकून रुसलेला असतो. २०२३ च्या कापूस-सोयाबीनच्या अनुदानाला, ते हेक्टरी पाच हजारवालं, दोन सख्खे भाऊ माझ्या केंद्रात भांडले, खुर्ची मोडली. दोन हजाराची खुर्ची, अनुदान अडीच हजार.

तलाठी नव्हे

सेतूवालीताईंना दंडवत. खरी महसूल यंत्रणा आता तुम्हीच.

रानवाटा

मला काउंटी आणि मंडळ ह्या तुलनेत रस आहे. दाणे, शीर्षकात दिलंत पण धाग्यात आलंच नाही.

कणसातला दाणा

राहिलंच की. २०१८ मध्ये अमेरिकेनं चीनच्या मालावर कर लावला, चीननं उलट अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के लावला. भाव कोसळले, म्हणून सरकारनं भरपाई काढली. पहिल्या वर्षी पिकाप्रमाणे: सोयाबीनला बुशेलमागं १ डॉलर ६५ सेंट, मक्याला एक सेंट. हो, एकच. त्यावर इथले मकावाले इतके भडकले की अजून दाखला देतात. दुसऱ्या वर्षी, २०१९ ला, दर काउंटीवर ठरवला. कुठं एकरी १५ डॉलर, कुठं १५०. पीक कोणतंही असो, जमीन ज्या काउंटीत तिचा दर.

शेजाऱ्याचं एक रान काउंटीच्या हद्दीवर आहे. मधून खडीचा रस्ता. अलीकडं त्याचं सोयाबीन, पलीकडंही त्याचंच सोयाबीन, एकाच पेरणी यंत्रानं एकाच दुपारी पेरलेलं. दर दोन. तो मला रस्त्यात उभा करून दाखवत होता, डावा हात एवढे डॉलर, उजवा हात तेवढे.

तलाठी नव्हे

आणि आमच्याकडं महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि तो मोजायचा मंडळातल्या पर्जन्यमापकावर. पर्जन्यमापक एका जागी, ढगफुटी दुसऱ्या गावात. मंडळात ५८ भरला की झालं, तुमचं रान वाहून गेलं तरी पहिला प्रश्न 'अतिवृष्टी झाली का?' मग पंचनाम्यासाठी अर्ज, विनंत्या, आमदाराचा फोन. पुरानं खरडलेल्या रानात उभं राहून मी शेतकऱ्याला सांगितलेलं आहे की तुमच्याकडं पाऊस कमी झालाय. तो काहीच बोलला नाही. गुडघ्याएवढ्या गाळात दोघं उभे होतो.

सातबारा कोरा

अनुदान-बिनुदान नको, भाव द्या. विषय संपला. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८. मी मोंढ्यात ३,९०० नं घातलं. सरकारी खरेदीला १२ टक्क्यांच्या आत ओलावा पाहिजे म्हणतात. सप्टेंबरभर पाण्यात उभं राहिलेलं सोयाबीन, त्याला १२ टक्के ओलावा? माझ्या बनियनला तरी होता का! क्विंटलमागं चौदाशे रुपये गेले. बारा क्विंटल झालं, गुणाकार करा, मग त्या केंद्राच्या सहा हजार अधिक राज्याच्या सहा हजारांची आरती ओवाळा.

शंकासुर

भाव सरकारनं द्यायचा म्हणजे कोणीतरी भरायचाच ना? फरकच द्यायचा तर थेट खात्यात द्या, बाजार कशाला वाकवायचा. दाणेंनी सांगितलेली अमेरिकेची पद्धत म्हणजे मध्य प्रदेशातलं भावांतर, २०१७ ला आलं होतं, २०२५ ला सोयाबीनसाठी परत आणलं. मला ते त्यातल्या त्यात बरं वाटतं. (हो, अनुदान बंद करा म्हणणारा मीच. माणसानं थोडं विसंगत असावं.)

सातबारा कोरा

भावांतरात नोंदणी आणि विक्रीची पावती तरी लागते. माल घातला त्याला पैसे. हे बेस एकर म्हणजे आज्यानं १९८० ला मका लावला म्हणून नातवाला पैसे. माझ्या आज्यानं पिवळी ज्वारी लावली होती, तिचं काही मिळतंय का बघा.

गोदाकाठ

पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली. अडीच एकर रान, त्यांच्या नावावर. सासरे हयात असतानाच वाटणी झाली होती, तोंडी आणि शंभराच्या बाँडवर. रान मीच करते, आधीही मीच करत होते. ते ट्रकवर असायचे. पण पीएम किसान त्यांच्या नावावर. ते गेले, हप्ता थांबला. वारसाची नोंद लावायला गेले तर म्हणाले मृत्यूदाखला आणा, आणला. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणा, आणलं. मग फेरफारावर हरकत आली. दिरांची. ते म्हणाले, वहिनी, नाव लावून काय करायचंय, पेरून-खाऊन तर तुम्हीच राहिल्यात की. हरकतीचा निकाल लागायला सोळा महिने लागले. त्यात एक खरीप अतिवृष्टीचा गेला, एक विम्याचा. यादीत नाव मिस्टरांचं, खातं बंद. पैसे आले का, परत गेले का, कोणी सांगत नाही.

आता फेरफार मंजूर झालाय. सातबाऱ्यावर माझं आणि दोन्ही पोरांचं नाव आलंय. पीएम किसानला नवीन नाव चालत नाही, १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीचीच जमीन लागते असं एकानं सांगितलं. खरं का?

सेतूवाली

ताई, खोटं आहे. ती तारीख विकत-बक्षीस घेतलेल्या जमिनीला. वारसानं आलेल्याला चालतं. नवीन नोंदणी करायची, फेरफार आणि मृत्यूदाखला जोडायचा. आधी फार्मर आयडी काढा, त्याशिवाय आता नवीन नोंदणी पुढं सरकत नाही. आणि आधार ज्या खात्याला जोडलेलं आहे ते स्वतः बँकेत जाऊन विचारा. तुमचं केंद्र कुठलं आहे माहीत नाही, पण शंभराच्या वर मागितले तर उठून या.

वाचनमात्र

सहसा लिहीत नाही, नावाप्रमाणे. पण गोदाकाठताईंचं वाचून एक आठवलं. अमेरिकेत काउंटीच्या शेती ऑफिसवर देखरेख करायला शेतकऱ्यांतून निवडून आलेली समिती असते. ऐकायला किती छान! पण दक्षिणेकडच्या राज्यांत या समित्यांवर पिढ्यान्‌पिढ्या गोरे शेतकरीच. काळ्या शेतकऱ्याचा कर्जाचा अर्ज पडून राहायचा, पेरणी उलटल्यावर निकाल, मग पीक नाही, मग जमीन लिलावात. पिगफर्ड नावाचा खटला झाला, १९९९ ला तडजोड झाली, एक अब्ज डॉलरच्या वर भरपाई गेली. अर्ज उशिरा आले म्हणून हजारो जण बाहेर राहिले, त्यांच्यासाठी २०१० मध्ये आणखी सव्वा अब्ज. तोवर बऱ्याच जणांची जमीन केव्हाच गेली होती. कोणी 'नाही' म्हणालं नव्हतं. उशीर केला, एवढंच. ताईंचे सोळा महिने वाचून तेच आठवलं.

बटईदारांबद्दल: तेलंगणानं २०१८ ला रयतु बंधू काढली, एकरी चार हजार, हंगामाला. पैसा पट्टेदार पासबुकवाल्याला, म्हणजे मालकाला, आणि कौलदार, म्हणजे ठोक्यानं कसणारा, बाहेर. ओडिशानं कालिया योजनेत वाटेकरी आणि भूमिहीनही धरले होते. म्हणजे धरायचंच ठरवलं तर धरता येतं.

उंबरठा

दोन दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मी पुण्यात नोकरी करतो, आयकर भरतो, म्हणून पीएम किसान कधी घेतलं नाही. त्याचा थोडा ताठाही होता. हिंगोली जिल्ह्यात पाच एकर आहे, कोरडवाहू. वडील गेल्यापासून ठोक्यानं देतो. एकरी आठ हजार, पाडव्याला रोख, कागद नाही. (तलाठीसाहेब, कारण तेच. आईची धास्ती.) करणारा माणूस चांगला, सहा वर्षं तोच.

सप्टेंबरात सगळं सोयाबीन गेलं. त्याचं. बी त्याचं, खत त्याचं, फवारणी त्याची. चाळीस हजार ठोका मी मार्चमध्येच घेतला होता. दिवाळीनंतर माझ्या खात्यात पैसे पडले. हेक्टरी साडेआठ हजारानं सतरा हजार, नंतर रब्बीच्या बियाण्याचे हेक्टरी दहा हजारानं वीस. फार्मर आयडी झालेला होता, कुठं जावंसुद्धा लागलं नाही. ऑफिसच्या कँटीनमध्ये मेसेज आला, मी जेवत होतो.

सदतीस हजार. अजून खात्यात आहेत.

बांधकोरी

हम्म.

सातबारा कोरा

हम्म काय! उंबरठा, विचारायची गोष्ट आहे का? देऊन टाका.

तलाठी नव्हे

कायद्यानं पैसे उंबरठा यांचेच, खातेदाराला मदत असाच आदेश असतो. विम्यातही बटईदाराला भाग घ्यायचा तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि तो कोणी करत नाही हे वर आलंच. त्यामुळं इथं कायदा काही सांगणार नाही. बाकी तुमचं तुम्हाला कळतंय म्हणूनच तुम्ही लिहिलंत.

शंकासुर

सगळे द्यायचे का हा प्रश्न आहे पण. जमिनीचं खरडून नुकसान झालं असेल तर तेवढं मालकाचं. पीक गेलं ते कसणाऱ्याचं.

कणसातला दाणा

उंबरठा, तुमच्यासाठी इथली दुसरी बाजू सांगतो, कारण इथं मी समजत होतो की प्रश्न सुटलाय. रोख ठोका असेल तर अनुदान कसणाऱ्याच्या नावावर पडतं, मालकाच्या नाही. धोका ज्याचा, पैसा त्याचा. कागदावर चोख. बटई असेल तर ज्याच्या त्याच्या हिश्श्यानं.

पण २०१९ ची भरपाई शेजाऱ्याला पडली, आणि पुढच्या वर्षी ठोक्याचं बोलणं निघालं तेव्हा अ‍ॅरिझोनावाल्या बाईंनी फोनवर त्याला आकडाच सांगितला. तुला एवढे मिळाले. एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप म्हणून संस्था आहे, ती १९९५ पासूनच्या अनुदानाच्या याद्या काउंटीवार, नावानिशी इंटरनेटवर टाकते. सरकारला जाब विचारता यावा म्हणून. बाईंनी त्यात त्याचं नाव शोधलं आणि एकरी वीस डॉलर वाढवून मागितले. त्यानं दिले. दुसरा घ्यायला टपलेलाच होता.

२०२५ च्या डिसेंबरात सरकारनं पुन्हा १२ अब्ज डॉलर जाहीर केले, सोयाबीनला एकरी ३० डॉलर ८८ सेंट, या वेळी बेसवर नाही, पेऱ्यावर. मी त्याला अभिनंदन म्हटलं. तो म्हणाला, थांब, बाईंनी वाचलं असेल.

रानवाटा

म्हणजे कागदावर कसणाऱ्याचं नाव घातलं तरी पैसा फिरून जमिनीकडंच.

शंकासुर

तेच तर म्हणतोय मघापासून.

सातबारा कोरा

तुम्ही मघापासून तीन वेगवेगळ्या गोष्टी म्हणालात.

गोदाकाठ

सेतूवाली ताई, फार्मर आयडीचा अर्ज झाला. साठ रुपये घेतले. 'मंजुरी प्रलंबित' दाखवतंय. अर्ज करताना केंद्रातल्या पोरानं विचारलं, शेतकरी म्हणून नाव काय टाकू? मी माझं पूर्ण नाव सांगितलं. तो म्हणाला, नाही, म्हणजे शेती कोण करतं? मी दोनदा सांगितलं तेव्हा लिहिलं.

सेतूवाली

त्या पोराचा नंबर द्या.

उंबरठा

कळवायचं म्हणून कळवतो. काल सदतीसच्या सदतीस हजार त्याच्या खात्यात पाठवले आणि फोन केला. म्हटलं, हे अतिवृष्टीचे आहेत, तुझे आहेत.

बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाला, "दादा, ते ठीक आहे. पण पाडव्याला ठोका किती म्हणायचा आता?"